नव्या लॅपटॉपवर वायफाय संथ, मधूनच तुटतं. फोनवर मात्र सुरळीत

पाऊलवाट | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. दोन आठवड्यांपूर्वी नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ चा. मी रोज संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवते, एका वेळी आठ-दहा मुलं असतात. जुन्या लॅपटॉपवर चार वर्षं शिकवलं, असा त्रास कधी झाला नाही.

आता काय होतं ते सांगते. स्पीड टेस्ट केली तर फोनवर १८०-१९० एमबीपीएस येतात (प्लॅन २०० चा आहे) आणि त्याच टेबलावर, त्याच मिनिटाला लॅपटॉपवर ८ ते १२. अधूनमधून लॅपटॉपवरही अचानक दीडशे दिसतात, मग परत खाली. शिवाय दिवसातून दोन-तीन वेळा जोडणीच तुटते. वायफायच्या चिन्हावर 'इंटरनेट नाही' असं येतं आणि मिनिटभराने आपोआप सुरू होतं. राउटर पलीकडच्या खोलीत आहे, मध्ये एक भिंत, अंतर सहा-सात मीटर.

केलेले उपाय: राउटर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, नेटवर्क विसरून पुन्हा जोडणं आणि शेवटी विंडोजमधलं 'नेटवर्क रीसेट'. या शेवटच्या उपायाने साठवलेले सगळे पासवर्ड गेले आणि फरक काहीच पडला नाही.

घाई का, तेही सांगते. वर्गात एक मुलगा आहे, दोन महिने त्याने माइक चालू केला नव्हता. काल पहिल्यांदा स्वतःहून उत्तर समजावून सांगायला लागला आणि नेमकं तेव्हाच सगळं गोठलं. परत जोडेपर्यंत त्याने माइक बंद केला होता. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये.

उंबरठा | सोमवार, रात्री १०:०५

दोनच आठवडे झालेत ना? मग यात वेळ घालवू नका, लॅपटॉप बदलून घ्या. फोन चालतो, लॅपटॉप चालत नाही, म्हणजे वायफाय कार्ड खराब. बदलायची मुदत निघून गेली की कोणी दाद देत नाही.

कंदील | सोमवार, रात्री १०:४०

ताई, मुदत किती आहे ते आधी बघून ठेवा, उंबरठा यांचा तो मुद्दा रास्त आहे. पण कार्ड खराब आहे असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. खराब कार्ड सहसा मधूनच दीडशेचा वेग देत नाही. आणि रीसेट, पुन्हा स्थापना, नवं कार्ड असं एकामागून एक करत गेलं तर प्रश्न सुटला तरी कशाने सुटला ते कळत नाही, मग तो परत येतो. आधी मोजू.

तीन गोष्टी करा.

पहिली. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग बघा. केबलवर पूर्ण वेग आला तर इंटरनेट पुरवठा आणि विंडोज दोन्ही ठीक, प्रश्न हवेतला.

दुसरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून ही कमांड द्या: नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस. (टाइप रोमन अक्षरांत करायचं, पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन.) त्यात रेडिओ टाइप (वायफायचं मानक), चॅनल, रिसीव्ह रेट (राउटरकडून लॅपटॉपकडे येणाऱ्या जोडणीचा दर) आणि सिग्नल या चार ओळी असतात, त्या इथे लिहा. वेग कमी असताना बघा, चांगला असताना नको.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत राउटरला पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं) चालू ठेवा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या, गुगलच्या पत्त्याला. पुढे 'टी' चा पर्याय लावला की पिंग थांबत नाही, चालू राहतं. लॅपटॉप ते राउटर हा एक टप्पा आणि राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा. दोन्ही खिडक्या एकदम अडखळल्या तर दोष पहिल्या टप्प्यात. राउटरचं पिंग शांत आणि बाहेरचंच बिघडलं तर वायफायला दोष देण्यात अर्थ नाही.

गारगोटी | सोमवार, रात्री ११:१०

दुसऱ्या प्रणाल्या वापरणाऱ्यांसाठी: लिनक्सवर हीच माहिती 'आयडब्ल्यू' कमांडच्या 'लिंक' या पर्यायातून मिळते. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरायची आणि वायफायच्या चिन्हावर टिचकी मारायची. चॅनल, सिग्नल, नॉइज, दर सगळं समोर येतं.

पाऊलवाट | मंगळवार, सकाळी ८:१५

सगळं केलं. केबलवर १८८.

वायफायवर: रेडिओ टाइप ८०२.११एन, चॅनल ६, रिसीव्ह रेट २६, सिग्नल ८४ टक्के.

राउटरचं पिंग: ३, ४, २१०, ६, ४८०, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', परत ५, ३... असंच चाललेलं असतं. बाहेरचं पिंगही त्याच वेळी अडखळतं. म्हणजे पहिला टप्पा, बरोबर ना?

कंदील | मंगळवार, सकाळी ९:००

अगदी बरोबर. या चार ओळींतून बरंच कळलं.

चॅनल ६ आणि ८०२.११एन, म्हणजे तुमचा नवा लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बसलाय. ८०२.११एन हे २००९ चं मानक आहे, यालाच आता वायफाय ४ म्हणतात. फोन बहुधा ५ गिगाहर्ट्झवर असेल. नवं यंत्र जुन्या, गर्दीच्या रस्त्याने चाललंय.

२.४ चा पट्टा अरुंद आहे. त्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर न चढता मावतात. शेजारपाजारची सगळी वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन यांची त्याच पट्ट्यात दाटी असते.

पण नुसत्या गर्दीने इतकं होत नाही. सिग्नल ८४ टक्के आहे. विंडोज उणे १०० डीबीएमला (हे सिग्नलच्या ताकदीचं एकक, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस) ० टक्के आणि उणे ५० ला १०० टक्के धरतं, म्हणजे तुमचे ८४ टक्के म्हणजे उणे ५८. हा चांगला सिग्नल झाला. व्हिडिओ कॉलला उणे ६७ पर्यंत चालतं. एवढ्या सिग्नलवर दोन अँटेनांच्या कार्डाला २.४ वरही १३० किंवा १४४ चा दर मिळायला हवा, आणि तुम्हाला २६ मिळतोय. आवाज मोठा आहे पण शब्द कळत नाहीत, अशी ही स्थिती. असं होतं तेव्हा दोष अंतराचा नसतो, जवळ कुठेतरी गोंगाट असतो. लॅपटॉपला काय काय जोडलंय? ब्लूटूथवर काय आहे?

उंबरठा | मंगळवार, सकाळी ९:२०

तोपर्यंत ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तरी अपडेट करून घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, एका टिचकीत काम होतं.

कंदील | मंगळवार, सकाळी ९:३५

ड्रायव्हर जरूर बघा, पण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपलं मॉडेल टाकून. नव्या लॅपटॉपमधला ड्रायव्हर कारखान्यात भरलेला असतो, काही महिने जुना असू शकतो. मात्र त्या 'एका टिचकीत' वाल्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. चुकीचा ड्रायव्हर बसवून वायफायच दिसेनासं झालेली यंत्रं मी दुरुस्त केली आहेत. तेव्हा योग्य ड्रायव्हर उतरवायलाही इंटरनेट नसतं.

रानवारा | मंगळवार, दुपारी १:३०

कंदील यांनी जोडलेल्या वस्तूंबद्दल विचारलं ते वाचून लिहितो आहे. ताई, लॅपटॉपला यूएसबी ३ ची एखादी बाहेरची डिस्क किंवा हब (एका भोकात बऱ्याच वस्तू जोडायची पेटी) आहे का?

माझे यात तीन महिने गेले. यूएसबी ३ ची वायर सेकंदाला ५ गिगाबिट या दराने माहिती नेते आणि तिच्यातून निघणारा विद्युत गोंगाट बरोबर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. हे काही कोणाचं मत नव्हे, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. वेष्टण नीट नसलेली केबल किंवा स्वस्तातला हब असेल तर फार जाणवतं. लॅपटॉपच्या अँटेना साधारण पडद्याच्या कडेने किंवा बिजागरीपाशी असतात आणि यूएसबीची भोकं तिथून वीतभर अंतरावर. राउटर सहा मीटरवर आणि गोंगाट वीतभरावर, मग काय ऐकू येणार?

डिस्क काढून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाऊलवाट | मंगळवार, दुपारी ३:१०

रानवारा, हात जोडते तुम्हाला!

डाव्या बाजूला हब आहे आणि त्याला बाहेरची डिस्क. जुन्या लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइल्स, चार वर्षांची टिपणं आणि रेकॉर्ड केलेले तास त्या डिस्कमध्ये आहेत, ते थोडे थोडे नव्यावर घेते आहे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती लावलेलीच आहे. हेडफोनही ब्लूटूथचे आहेत.

हब काढला तसा रिसीव्ह रेट २६ वरून १३० झाला. स्पीड टेस्ट ६२! राउटरचं पिंग सलग ३-४. परत हब लावला, परत २६. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

उंबरठा | मंगळवार, दुपारी ३:४०

माझा सल्ला चुकला होता, मान्य. लॅपटॉप बदलून आणला असता तर नव्यालाही हाच हब लागला असता आणि तोही 'खराब' निघाला असता.

एक विचारतो. ६२ म्हणजे फोनच्या तिसरा हिस्साच झाला. मुळात तो २.४ वर का बसतोय? राउटरवर ५ पण आहे ना?

शेवंती | मंगळवार, सायंकाळी ५:००

मध्येच बोलते, माफ करा. मलाही नव्या लॅपटॉपचाच त्रास आहे, म्हणून वरची कमांड चालवून बघितली. मी ५ गिगाहर्ट्झवर आहे, चॅनल ४४. यूएसबीला काही जोडलेलं नाही. सिग्नल ४२ टक्के दाखवतो. आणि राउटर माझ्या टेबलावरच आहे, हाताच्या अंतरावर. फोन तिथे उणे ३५ दाखवतो. हे ठीक आहे का?

कंदील | मंगळवार, सायंकाळी ६:२०

शेवंती, ठीक नाही. ४२ टक्के म्हणजे उणे ७९. फोन आणि लॅपटॉप यांत चार-पाच डीबीचा फरक असतोच, पण तुमच्याकडे चाळीसहून जास्त आहे. दर १० डीबीला ताकद दहा पटीने घटते, म्हणजे लॅपटॉपला फोनपेक्षा दहा हजार पटींहूनही कमी सिग्नल पोचतोय. असं ड्रायव्हरने किंवा सेटिंगने सहसा होत नाही.

वायफाय कार्ड हा बोटभर लांबीचा तुकडा असतो आणि पडद्याकडून येणाऱ्या दोन बारीक अँटेना-वायरी त्याच्यावर टिचबटणासारख्या बसवलेल्या असतात. कारखान्यातून नीट न दाबता आल्या किंवा वाहतुकीत सुटल्या तर बरोबर हेच दिसतं. राउटरशेजारी बसून सिग्नल अर्ध्याच्या खाली, लांब गेलं की जोडणीच नाही. तुमच्या बाबतीत उंबरठा यांचा पहिला सल्ला लागू आहे: सर्व्हिस सेंटरला न्या, हे आकडे लिहून न्या. स्वतः उघडू नका. ती टिचबटणं फार नाजूक असतात आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो.

पाऊलवाट ताई, उंबरठा यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या राउटरमध्ये आहे. राउटरच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झचा चॅनल कोणता आहे ते बघा. आणि दोन्ही पट्ट्यांना एकच नाव आहे का?

पाऊलवाट | मंगळवार, रात्री ९:३०

एकच नाव आहे. ५ चा चॅनल 'ऑटो' वर आहे, सध्या १०० दाखवतोय.

आजचा तास बरा गेला. एकदाच तुटलं, पण तुटलंच.

कंदील | मंगळवार, रात्री १०:१५

१०० दिसला तिथेच मला शंका आली. जरा सविस्तर लिहितो, कारण हे फारसं कोणी सांगत नाही.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५२ ते १४४ हे चॅनल वायफायच्या एकट्याच्या मालकीचे नाहीत. हवामानाची आणि इतर काही रडारं तिथे आधीपासून आहेत. म्हणून बऱ्याच देशांत नियम असा: राउटरने या चॅनलवर प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं, आणि नंतर कधीही रडारसारखं काही जाणवलं तर लगेच जागा सोडायची आणि ३० मिनिटं तिथे फिरकायचं नाही. या व्यवस्थेला डीएफएस म्हणतात. खरं रडार नसतानाही राउटरला कधी कधी भास होतो, आणि नियम त्याने पाळायचाच असतो.

जागा सोडताना राउटर सगळ्यांना 'अमुक चॅनलवर या' अशी सूचना देतो. काही यंत्रं नीट मागोमाग जातात, काहींची जोडणी तुटते. तुटलेलं यंत्र त्याच नावाचं जे पहिलं सापडेल त्याला जाऊन चिकटतं, म्हणजे २.४ ला. मग ५ परत आलं तरी ते जागचं हलत नाही, कारण २.४ चा सिग्नल त्याला पुरेसा जोरकस वाटत असतो. तुमचे 'मधूनच दीडशे, मग परत दहा' हे बहुतेक यातून आलेत.

उपाय: ५ चा चॅनल ऑटोवरून काढून ३६ वर कायम करा आणि दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. लॅपटॉप फक्त ५ च्या नावाला जोडा.

शिंपला | मंगळवार, रात्री १०:५०

पण मग फोनला त्रास कसा झाला नाही? तोही त्याच राउटरवर होता ना.

कंदील | मंगळवार, रात्री ११:०५

चांगला प्रश्न. झाला असणार, कळला नाही. वायफाय गेलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि वायफाय आलं की परत येतो. लॅपटॉपला तो आडोसा नसतो. म्हणून 'फोनवर चालतं' हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. तुलना करायची तर फोनचा मोबाइल डेटा बंद करून करावी.

पाऊलवाट | बुधवार, सकाळी १०:००

केलं! चॅनल ३६, नावं वेगळी. आता रेडिओ टाइप ८०२.११एएक्स, रिसीव्ह रेट २४०२, वेग १९१. हब लावलेला असतानाही १९१. दोन आठवड्यांत पहिल्यांदा पानं झरझर उघडताहेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

पाऊलवाट | बुधवार, रात्री ८:४०

वाईट वाटतंय लिहायला, पण आज तासात दोनदा तुटलं. ६:२२ ला आणि ७:०५ ला. वेग छान आहे, तुटणं तसंच आहे. मुलं वाट बघत बसली, एकीने तर 'ताई, आम्ही थांबतो, तुम्ही सावकाश या' असा संदेश पाठवला. आता खरंच कार्ड खराब असेल का?

गारगोटी | बुधवार, रात्री ९:००

वीजबचत बघितली का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या गुणधर्मांत 'वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्या' अशी खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर तो भागच दिसत नाही, तिथे हा उपाय नाही. लिनक्सवर माझा असाच प्रश्न वायफायची वीजबचत बंद करून सुटला होता.

कंदील | बुधवार, रात्री ९:२५

गारगोटी यांचा उपाय योग्य आहे, पण त्याआधी एक नोंद बघू या. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडा आणि ही कमांड द्या: नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट. मागच्या तीन दिवसांचा पूर्ण अहवाल ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानाच्या रूपात तयार होतो, प्रत्येक वेळी जोडणी का तुटली त्याच्या वेळेसकट. तीच वेळ राउटरच्या लॉगमध्ये (त्याने ठेवलेल्या नोंदींत) शोधा.

आणि थांबा. सकाळी तुम्ही रिसीव्ह रेट २४०२ लिहिलाय. तो माझ्या नजरेतून सुटला, चूक माझी. वायफाय ६ वर (तुमचं ८०२.११एएक्स ते हेच) दोन अँटेनांच्या कार्डाला चॅनलच्या ८० मेगाहर्ट्झ रुंदीत जास्तीत जास्त १२०१ मिळतात. २४०२ फक्त १६० च्या रुंदीत मिळतात. म्हणजे तुमचा राउटर १६० वर आहे. आता गणिताच्या शिक्षिकेलाच सांगतो: ३६ पासून सुरू होऊन १६० मेगाहर्ट्झ मोजले तर कुठे पोचाल?

पाऊलवाट | बुधवार, रात्री ९:५०

एक चॅनल २० चा, क्रमांक चाराने वाढतात... ३६, ४०, ४४, ४८ हे झाले ८०. पुढे ५२, ५६, ६०, ६४. म्हणजे अर्धा भाग परत रडारच्या हद्दीत!

राउटरचा लॉग बघितला. ६:२२ ला 'रडार डिटेक्टेड'. ७:०५ ला परत तेच. लॅपटॉपच्या अहवालात सेकंदासकट त्याच वेळा. काल आणि परवाच्या नोंदीही जुळतात. अंगावर काटा आला. दोन आठवडे जे अधूनमधून 'आपोआप' होत होतं, त्याला कारण होतं आणि ते लिहूनही ठेवलेलं होतं.

रुंदी ८० केली. दर १२०१ झाला. वेग १९०, म्हणजे होता तेवढाच.

कंदील | बुधवार, रात्री १०:१०

तेवढाच राहणार. प्लॅन २०० चा असताना हवेतली क्षमता १२०१ असो की २४०२, खरी मर्यादा पुढे, प्लॅनचीच आहे. कागदावरच्या दरातला निम्म्याच्या आसपास हिस्साच प्रत्यक्ष हाती येतो हे धरलं तरी १२०१ भरपूर झाले. १६० ची रुंदी घरातल्या घरात मोठ्या फाइल्स पाठवणाऱ्यांच्या कामाची. राउटर कंपन्या ती खोक्यावर मोठ्या आकड्यासाठी चालू करून देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

रानवारा | गुरुवार, सकाळी ७:३०

२४०२ वरून रुंदी ओळखली, हे वाचून मी माझाही दर बघितला. १४४. म्हणजे मीही अजून २.४ वरच आहे. आज बसतो त्याच्यावर.

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री ८:३०

गुरुवारी एकदाही तुटलं नाही. आजही नाही. पण आज नवंच. साधारण वीस मिनिटं माझा आवाज मुलांना तुटक जात होता, मला मात्र त्यांचा नीट येत होता. जोडणी शाबूत. कंदील यांनी शिकवल्याप्रमाणे लगेच दोन खिडक्या उघडल्या: राउटरचं पिंग २-३, बाहेरचं ७०० ते ९००. म्हणजे या वेळी दुसरा टप्पा. बरोबर वाचतेय ना?

शिंपला | शुक्रवार, रात्री ९:००

बरोबर वाचताय. मीही ऑनलाइन शिकवतो, हे माझ्याकडे झालंय. तुम्ही डिस्कवरून जुन्या फाइल्स नव्या लॅपटॉपवर आणताय ना? त्या कुठल्या फोल्डरमध्ये ठेवताय? 'डॉक्युमेंट्स' किंवा 'डेस्कटॉप' असेल तर नव्या लॅपटॉपवर ते फोल्डर बहुधा क्लाउडशी जोडलेले असतात. तुम्ही फाइल टाकली की ती मुकाट्याने वर चढायला लागते. चार वर्षांचे रेकॉर्ड केलेले तास म्हणजे शेकडो गिगाबाइट.

अपलोडचा मार्ग पूर्ण भरला की राउटर माहितीची पुढची पाकिटं (छोटे तुकडे) रांगेत उभी करतो. ती रांग फार लांब वाढू दिली की प्रत्येक पाकीट सेकंद-सेकंद उशिरा निघतं. याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड टेस्टचा मोठा आकडा छान दिसतो आणि बोलणं मात्र तुटतं, कारण बोलण्याला थोडीशीच जागा लागते, पण ती वेळेवर लागते. तुमचा आवाज वर जातो, मुलांचा खाली येतो, म्हणून त्यांचा नीट ऐकू आला.

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री ९:२५

'डॉक्युमेंट्स' मध्येच ठेवत होते. क्लाउडचं चिन्ह उघडलं तर खरंच, ३१२ गिगाबाइट बाकी आहेत. सिंक थांबवलं आणि त्याच क्षणी बाहेरचं पिंग १४ वर आलं.

कंदील | शुक्रवार, रात्री ९:४५

शिंपला यांनी नेमकं पकडलं. सिंकच्या सेटिंगमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घालता येते, ती तुमच्या अपलोडच्या निम्म्यावर ठेवा किंवा सिंक रात्री चालू द्या. राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' असा पर्याय असेल तर तो चालू करून वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास लिहा. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि बोलण्याची पाकिटं मागे अडकत नाहीत.

आणि ताई, तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीच बिघाड नव्हता. डिस्कचा गोंगाट, आधी चॅनल १०० मुळे आणि मग १६० च्या रुंदीमुळे रडारच्या हद्दीत शिरणं, जुन्या फाइल्स वर चढणं. तिन्ही गोष्टी नवा लॅपटॉप घरात आल्यामुळे सुरू झाल्या किंवा दिसू लागल्या, पण त्यातली एकही त्याच्या कार्डात नव्हती.

उंबरठा | शुक्रवार, रात्री १०:३०

जुन्या लॅपटॉपवर रडारचा त्रास का नव्हता?

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री १०:४५

मी आत्ताच तो उघडून बघितला. त्याला फक्त २.४ दिसतं. चार वर्षं तो चॅनल ६ वरच होता, हब नव्हता, म्हणून ६०-६५ चा वेग सुरळीत मिळायचा आणि मला तेवढा पुरायचा.

शेवंती | पुढचा गुरुवार, दुपारी १२:१५

सर्व्हिस सेंटरमधून आत्ताच आले. आकडे लिहिलेला कागद दाखवला, त्यांनी समोरच उघडलं. दोन वायरींपैकी एक पूर्ण सुटलेली होती आणि दुसरी नुसती टेकलेली. दाबून बसवल्या. त्याच टेबलावर आता सिग्नल ९९ टक्के, आणि स्वयंपाकघरात, जिथे पूर्वी जोडणीच नव्हती, तिथे ७६.

पाऊलवाट | पुढचा गुरुवार, रात्री ९:१०

शेवंती, फार बरं वाटलं वाचून.

माझ्याकडे आठ दिवसांत एकदाही तुटलं नाही. राउटरच्या लॉगमध्ये रडारची एकही नवी नोंद नाही. फाइल्स रात्री वर जातात, ४० गिगाबाइट उरलेत. हब अर्धा मीटरच्या केबलने लॅपटॉपपासून दूर ठेवला आहे.

त्या मुलाने आज माइक चालू केला. समद्विभुज त्रिकोणाची पूर्ण सिद्धता सांगितली, सहा मिनिटं, न अडखळता.

धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं जोडायची विनंती संपादकांना केली आहे.